यंदाचा राक्षस

ओगिनोसावा,
१२ डिसेंबर १९७१

ती. कायोवहिनींना,
शिगेनोचा सा. न. वि. वि.

आमच्याकडे बर्फ बसला. खालच्या मजल्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या, मुळे खारवून पिंपात गेले आणि आईचा गुडघा ठरल्याप्रमाणे दुखू लागला. गुडघा दुखू लागला की तिला घरातल्या प्रत्येकाचे दोष दिसतात. सध्या पाळी माझी आहे. सव्वीस वर्षांची घोडी लोकांच्या पोरांची नाकं पुसत बसली आहे, असं ती दुकानात सोयाबीनचा मिसो न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगते. बायका मिसोबरोबर तेही घरी घेऊन जातात.

तुमचं पत्र नेहमीसारखं बालवाडीच्या पत्त्यावर मिळालं. हातमोजे तुमच्या दोन्ही मुलांना अगदी मापात बसले. घरी सांगितलं की मीच विणले. तुम्ही दादाच्या नव्या बायकोचं नाव विचारलं होतं. तिचं नाव तोमोए. तिने ते मोजे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली की वन्सं, अंगठा इतका सुबक येत असेल तर माझ्यासाठीही एक जोडी होऊन जाऊ द्या. आता मी तोंड कुठे लपवू? तेव्हा बायकी मापाची एक जोडी पाठवावी, ही लाजिरवाणी विनंती.

चिगुसा दुकानातल्या पिंपांवरची अक्षरं वाचते आणि गेलेल्या आजोबांच्या हस्ताक्षरात चुका काढते. आई म्हणते की ही पुढे मास्तरीण होणार आणि शिगेनोसारखीच घरात बसणार. कोहेईला आता चार पूर्ण झाली. बालवाडीच्या फाटकातून कुणीही बाई आत आली की तो तिच्यापुढे उभा राहतो आणि तू कुणाची आई, असं विचारतो. उत्तर मिळालं की ते सगळ्या अंगणाला ओरडून सांगतो. परवा भाजीवालीलाही विचारलं. ती म्हणाली की बाबा रे, तुझ्या बापाएवढ्या चार मुलांची. तर हा आत येऊन सांगतो की मोठ्या मुलांची आई आली आहे, मुळे घेऊन.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये चिगुसा शाळेत जाईल. शाळा दुकानासमोर आहे, तेव्हा तिची ने-आण आईच्या हाती जाईल आणि माझ्या हातून ती सुटेल. मुलांना एकदा पाहू दे असं तुम्ही दर पत्रात लिहिता आणि मी दर पत्रात नाही म्हणते. दादाला मी तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली होती. त्याने ती पूर्ण वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला की घटस्फोटाच्या कागदावर शिक्का पडून गेला आहे, आता फुप्फुस चांगलं असलं काय नि वाईट असलं काय.

पण एक वाट दिसते आहे. आमचे गोइचीकाका, बंब पेटवणारे, हेच दर सेत्सुबुनला, हिवाळा सरताना शेंगा मारून राक्षस हाकलायच्या सणाला, बालवाडीचा राक्षस होतात. ते छपरावरचा बर्फ ओढताना घसरले आणि कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये पडले आहेत. देवळातल्या भटजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यांनी बैठकीत विचारलं की यंदा राक्षस कोण होणार. सगळ्या बायका आपापल्या मांडीकडे पाहू लागल्या. मी म्हणाले की माझी एक मैत्रीण येईल. नाव अजून सांगितलेलं नाही.

मुखवटा पूर्ण चेहरा झाकणारा आहे. विचार करून कळवा. माझ्यावरची माया पूर्वीइतकीच आहे असं धरून चालते.

तुमची,
शिगेनो


इचिनोमिया,
२७ डिसेंबर १९७१

चि. शिगेनो हिस,
अनेक आशीर्वाद.

तू अजून मला वहिनी लिहितेस. लिहू नकोस असं सांगणं माझं काम आहे, पण ते मी करणार नाही. इथे वसतिगृहातल्या मुली मला गादीबाई म्हणतात, मुकादम काजिवाराबाई म्हणतो. तेही नाव आता माझं नाही, पण कागद बदलायला कुणाला वेळ आहे? नात्याने हाक मारणारी तू एकटीच उरलीस.

काम बरं आहे. फाटलेल्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजून पुन्हा भरायचा, टाके घालायचे. गिरणीतल्या मुली पंधरा-सोळाच्या, दूर दक्षिणेकडच्या. कुणाच्या उशीचा कापूस रोज ओला असतो हे मला ठाऊक असतं आणि मी ते कुणाला सांगत नाही. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा छातीचा फोटो काढला आणि स्वच्छ आहे म्हणाले. वर असंही म्हणाले की बाई, आता पुन्हा आलात तर मलाच काहीतरी रोग शोधावा लागेल.

तोमोएबाईंचे हातमोजे सोबत पाठवते. डावा अंगठा मुद्दाम थोडा वाकडा विणला आहे, म्हणजे पुन्हा मागणार नाहीत.

राक्षसाची गोष्ट मी तुझं पत्र वाचून संपण्याआधीच ठरवून टाकली. येते. पगारी सुट्टी मिळत नाही, पण मी नवीन वर्षाच्या रजेत इथेच थांबून काम करेन आणि त्या बदल्यात फेब्रुवारीत जाईन. फक्त एक शंका आहे. माझी उंची तुला माहीत आहे. गोइचीकाका दारातून वाकून यायचे. मी आले तर पोरं म्हणतील की राक्षसाने यंदा आपल्या धाकट्या बहिणीला पाठवलं. काल बंबाच्या खोलीत जाऊन गुरगुरण्याचा सराव केला. मुकादम पाण्याचा पेला घेऊन धावत आला.

मी क्षयाच्या दवाखान्यात गेले तेव्हा चिगुसा चार वर्षांची व्हायची होती आणि कोहेई कपाटाला धरून उभा राहत होता. तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात तुझे दादा सेइजी तो कागद घेऊन आले. घरात रोग शिरू नये म्हणून एवढं कर, बरी झालीस की पाहू, असं म्हणाले. शाईची डबी त्यांनी दुकानातून आणली होती. तिला मिसोचा वास येत होता. मी पलंगावर पडूनच सहीचा शिक्का उमटवला. त्यांनी कागदावर फुंकर घालून तो वाळवला. बरी झालीस की पाहू, हे शब्द मी इतके दिवस कवटाळून बसले. आता त्यातलं पाहू एवढंच मला हवं आहे. मुलं परत मागत नाही. एकदा डोळ्यांनी पाहू दे, पुरेल.

तू मुलांचं सगळं लिहितेस. एकच गोष्ट लिहीत नाहीस. चिगुसा माझ्याबद्दल काय विचारते? तिला काय सांगितलं आहे? दवाखान्यात आहे असं सांगितलं असेल, तर अजून किती काळ सांगणार? कोहेईला काही आठवत नसणार हे मी समजून आहे. चिगुसाला आठवतं का, एवढं कळव.

सासूबाईंच्या गुडघ्याला मिठाचा शेक दे. माझं नाव न घेता दे. तुझ्या मनात माझ्यासाठी कोपरा आहे, तो कुणाला देऊ नकोस.

तुझी,
कायो


ओगिनोसावा,
१७ जानेवारी १९७२

ती. कायोवहिनींना,
सा. न. वि. वि.

मोजे पोहोचले. तोमोएने वाकडा अंगठा पाहिला आणि म्हणाली की वन्सं, मुलांसाठी जीव ओतता आणि माझ्यासाठी उरलंसुरलं. तिला सहावा महिना लागला आहे, म्हणून ती सेत्सुबुनला बालवाडीत येणार नाही. मिठाच्या शेकाने गुडघा उतरला. हे तुला कुणी शिकवलं, असं आईने विचारलं. मासिकात वाचलं म्हणाले. तर म्हणाली की मग मासिकवाल्यांनाच तुझ्यासाठी एखादा मुलगाही शोधायला सांग.

आता नीट वाचा. चार फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने उतरा आणि मागच्या रस्त्याने, कोळशाच्या खोलीकडून या. डोक्याला रुमाल बांधून या. लाल फ्लॅनेलचा सदरा आणि वाघाच्या पट्ट्यांची विजार आमच्याकडे आहे. लांब होईल, पण टाचण्या लावू. मुखवटा देवळाचा आहे, कागदाच्या लगद्याचा, एक शिंग मोडकं. मी ढोल वाजवू लागले की स्वयंपाकघराच्या दाराने आत यायचं, सोटा आपटायचा, मुलांमागे इकडेतिकडे धावायचं. मुलं भुईमुगाच्या शेंगा मारतील. कमरेखाली मारा असं आम्ही शिकवून ठेवलं आहे. फ्लॅनेलवर काही लागत नाही. मग मुख्याध्यापिका हात वर करतील, तुम्ही गुडघे टेकून माफी मागितल्यासारखं करायचं आणि मागल्या दाराने बर्फात पळायचं. आम्ही दार लावून घेऊ.

दोनच अटी. तोंडातून शब्द काढायचा नाही. गुरगुरलात तर चालेल. आणि मुखवटा काढायचा नाही. पाणी प्यायलाही नाही, घाम पुसायलाही नाही. कोहेई रडेल. सगळी धाकटी रडतात, तो त्या दिवसाचा भागच आहे, आया त्याचे फोटो काढतात. त्याच्या रडण्याने विरघळलात तर माझी नोकरी जाईल आणि तुमची पुढची सगळी दारं बंद होतील. हे मी गमतीने लिहीत नाही.

कोहेई म्हणतो की तो राक्षसाला चावणार आहे. राक्षसाचं मांस कडू असतं असं त्याला सांगितलं, तर म्हणाला की मग थुंकेन. चिगुसाच्या डोक्यात वेगळंच असतं. हाकलून दिल्यावर राक्षस कुठे जातो, असं तिने मुख्याध्यापिकांना विचारलं. डोंगरात जातो म्हणाल्या. तिथे बर्फात त्याला खायला कोण देतं, असं तिने विचारलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की काजिवाराच्या मुली, तू शेंगा मार, हिशेब राक्षस पाहून घेईल.

तुम्ही विचारलंत ते भेटल्यावर बोलू. पत्रात मावणार नाही.

गाडीत दारापाशी बसू नका, वारा लागतो. मी वाट पाहते आहे हे वेगळं लिहायला नको.

तुमची,
शिगेनो


इचिनोमिया,
६ फेब्रुवारी १९७२

चि. शिगेनो हिस,
आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला.

भेटल्यावर बोलू म्हणाली होतीस. कोळशाच्या खोलीत तू मला टाचण्या लावल्यास आणि विजारीवरून हसलीस. मीही हसले. बोलायचं तेवढं राहिलं.

तू ढोल वाजवत होतीस, त्यामुळे पुढचं तुला दिसलं नाही. तेव्हा ते मीच सांगायला हवं.

मुखवट्याची डोळ्यांची भोकं लहान आहेत. त्यातून एका वेळी एकच मूल दिसतं. आधी कोहेई दिसला. मोजे दोरीने गळ्यात अडकवलेले. तो चावला नाही. त्याचं तोंड उघडलं आणि आवाज फार उशिरा आला. चिगुसा पुढच्या ओळीत होती. तिचे केस तुम्ही आखूड कापलेत. शिकवल्याप्रमाणे ती कमरेखाली नेम धरून, एकेक शेंग मोजल्यासारखी मारत होती; राक्षस बाहेर, भाग्य घरात, या तिच्या ओळी इतरांपेक्षा स्पष्ट ऐकू येत होत्या. मला वाटलं की एवढ्यासाठी तर आले होते, मिळालं, आता जावं.

तेवढ्यात कोहेई पळाला तो जोड्यांच्या कपाटांमधल्या बोळात. मी मागे गेले. राक्षसाने मागे जायचंच असतं, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. तो कोपऱ्यात बसला होता आणि त्याचा श्वास अडकला होता. तान्हा असतानाही त्याला हे व्हायचं. रडता रडता श्वास आत राहतो आणि ओठ निळे पडतात. चेहऱ्यावर जोराने फुंकर घातली की सुटतो. हे तुमच्या घरात आता कुणाला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्याचे ओठ निळे झाले होते, शिगेनो. कागदाच्या लगद्यातून फुंकर घालता येत नाही. मी मुखवटा काढला.

एका फुंकरीत श्वास सुटला. तो रडला नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मान लववून नमस्कार केला आणि विचारलं की तू कुणाची आई.

गाडीत बसल्यापासून मी किती उत्तरं तयार केली होती. चिगुसाने ओळखलं तर हे, कोहेईने हात धरला तर ते. याचं उत्तर तयार नव्हतं.

भावाला शोधत चिगुसा आली. तिने मला ओळखलं. ओळखलं नसेल असं लिहून माझी समजूत घालू नकोस. पोटच्या मुलीने ओळखलेलं मला कळतं. कोहेईने तिला सांगितलं की ताई, ही कुणाची आई हे हिलाच माहीत नाही. तिने त्याच्या कॉलरला धरून त्याला आपल्या पाठीमागे ओढलं. मग हळू आवाजात, तू मुलांना समजावतेस त्याच सुरात, तिने त्याला सांगितलं की बघू नकोस, आपली आई मेली आहे, हा राक्षस आहे. आणि हातभर अंतरावरून मूठभर शेंगा माझ्या तोंडावर मारल्या. कमरेखाली नाही. नंतर दोन्ही ओळी म्हटल्या, न चुकता.

मी मुखवटा चढवला आणि ठरल्याप्रमाणे मागल्या दाराने बर्फात गेले. दार लावताना तू माझ्याकडे पाहून हसून हात हलवलास.

आता मला एवढंच सांग. मी केव्हापासून मेले आहे? कशाने मेले? कुणी सांगितलं, आणि तू तेव्हा त्या खोलीत होतीस का? मुखवटा काढू नका म्हणून बजावलंस, ते कुणाला वाचवायला? मी मात्र इकडे मेल्यावरही हातमोजे विणत बसले आहे, तेही माझ्या जागी आलेल्या बाईच्या मापाचे.

उत्तर दे.

कायो


ओगिनोसावा,
१९ फेब्रुवारी १९७२

ती. कायोवहिनींना,
सा. न.

विचारलंत, म्हणून क्रमाने लिहिते. तुम्ही शिक्का दिलात त्याच महिन्यात मेलात. छातीच्या दुखण्याने, दवाखान्यात, झोपेत. दादाने सांगितलं. मी त्या खोलीत होते.

चिगुसा तेव्हा रोज संध्याकाळी बस थांबते तिथे जाऊन उभी राहायची. थंडीत, मोज्यांशिवाय, लाकडी चपलांत. बळजबरीने आणली तर जेवायची नाही. काहीतरी सांगणं भाग होतं. आई म्हणाली की जित्या माणसाला मेलं म्हणू नये, घराला लागतं. ती पळून गेली असं सांगा. दादा म्हणाला की मेली म्हणू. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पळून गेलेली आई की मेलेली आई? मी मेलेलीच्या बाजूने होते. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हणाला असतात, हे एकदा मनाला विचारा. चिगुसा खूप रडली आणि मग जेवू लागली. बस थांब्यावर जाणं बंद झालं. तुम्हाला हे आधी लिहिलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी येऊन फाटकात उभ्या राहिला असतात. म्हणून लिहिलं नाही. अजूनही वाटत नाही की लिहायला हवं होतं.

थोड्या दिवसांनी तिने विचारलं की मेलेल्या आजोबांचा फोटो देवघरात आहे, मग आईचा का नाही. दादाने लग्नाचा फोटो कापून तुमचा अर्धा भाग तिथे ठेवला. आई धुमसत राहिली, पण मुलीपुढे काही म्हणाली नाही. तेव्हापासून रोज सकाळी पातेल्यातला पहिला भात चिगुसा इवल्याशा वाटीत काढून तुमच्यापुढे ठेवते, आणि मग बाकीचे जेवतात.

आता इथलं ऐका. त्या संध्याकाळी दुकानातही सणाच्या शेंगा टाकल्या, तेव्हा तिने मूठ उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी वाटीऐवजी स्वतःचा वाडगा भरून फोटोपुढे ठेवला आणि स्वतः जेवली नाही. आता रोज तेच. बालवाडीच्या डब्यातलंही खिशात घालून नेते. डॉक्टर म्हणाले जंत असतील. शेवटी मी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली की आत्या, जानेवारीत एकदा खूप बर्फ होता ना, त्या दिवशी मी आईपुढे भात ठेवायला विसरले. म्हणून ती उपाशी राहिली आणि तिचा राक्षस झाला. आणि मी तिला मारलं.

कोहेईने मुखवट्याखालच्या बाईची गोष्ट घरभर सांगितली. आईने दोन प्रश्न विचारले आणि सगळं बाहेर काढलं. दादा ओरडला नाही. पत्रं कुठे आहेत एवढं विचारलं आणि ती बंबात घातली. एप्रिलपासून मी साकाताला मावशीकडे जायचं ठरलं आहे; तिच्या पाहण्यात एक विधुर आहे, धान्याचा व्यापारी. आईची काळजी मिटली म्हणायची. या सगळ्यात तोमोए एकटीच म्हणाली की मुलीला खरं सांगून टाका. तिला सांगण्यात आलं की तू तुझ्या पोटातलं सांभाळ.

दादा म्हणतो की तू आणलंस, तूच निस्तर. चिगुसाला काय सांगायचं ते तू सांग, पण तिने जेवलं पाहिजे. तेव्हा तुम्हाला विचारते. आई जिवंत आहे, इचिनोमियाला असते, तिला छातीचं काही नाही, असं सांगू? घरचे माझं काय करायचं ते करोत, ते तसंही ठरलेलं आहे. तुम्ही हो लिहिलंत की त्याच दिवशी सांगेन. नाही लिहिलंत तर काय सांगायचं तेही तुम्हीच कळवा. मला सुचत नाही.

रागावलात तरी उत्तर पाठवा.

शिगेनो


इचिनोमिया,
२५ फेब्रुवारी १९७२

चि. शिगेनो हिस,
अनेक आशीर्वाद, मनापासून.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गादी उसवत होते. आधी हसू आलं, ते तुला सांगते. त्या घरात सून असताना मी सगळ्यांच्या शेवटी जेवायची. कधी भात उरायचा, कधी पातेलं खरवडायचं. मेल्यावर मला पहिली वाढ मिळू लागली. सासूबाईंच्या जिवावर हे किती येत असेल.

मग दोन दिवस तुझ्या प्रश्नाचाच विचार केला. हो लिहावं म्हणून कागद काढला होता. हो लिहायला एक अक्षर लागतं. पण पुढचं पाहिलं. आई जिवंत आहे म्हटल्यावर चिगुसा विचारील की मग ती येत का नाही. येऊ देत नाहीत, असं सांगावं लागेल. मग विचारील की मेली असं कुणी सांगितलं. बापाने, आणि आजी नि आत्या शेजारी बसल्या होत्या. तिला घास भरवणाऱ्या, तिचं पांघरूण सारखं करणाऱ्या एकाही माणसावर मग तिचा विश्वास उरणार नाही, आणि ज्या आईवर ठेवावा ती एका गाडीच्या अंतरावर गाद्या शिवत असेल. ती पुन्हा बस थांब्यावर जाऊन उभी राहील. मी त्या बसमध्ये कधीच नसेन. सेइजींनी शिक्क्यावर फुंकर घालून तो वाळवला आहे.

पाहू दे, पुरेल असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला तिने ओळखायला हवं होतं. तिने ओळखलं. त्याची किंमत ती जेवण सोडून मोजते आहे, आणि ती किंमत मला परवडत नाही.

म्हणून तिला असं सांग. दिवसा सांग, मांडीवर घेऊन सांग, आणि सांगताना तुझा आवाज हलू देऊ नकोस.

सांग की राक्षसाला स्वतःचं तोंड नसतं. मुखवट्याच्या आत पोकळ असतं, म्हणून तो जाता जाता कुणाच्या तरी घरातला चेहरा उचलतो. यंदा त्याने तुमच्या देवघरातल्या फोटोतला उचलला, कारण तो त्याला आवडला. ती तुझी आई नव्हती. तुझी आई मेली ती माणूस म्हणूनच मेली, आणि तशीच आहे. विसरलेल्या एका वाटीने मेलेल्यांना भूक लागत नाही. त्यांना कळतही नाही. आईचं पोट भरलं आहे, आता तू जेव. कोहेईला फुंकर कशी घालायची ते तिला शिकव. मोठी बहीण आहे, तिला जमेल. तोमोएबाईंनाही शिकव.

ती विचारील की त्या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी का होतं. तिच्या नजरेतून ते सुटलं नसणार. सांग की राक्षसांना शेंगा फार लागतात.

तू साकाताला सुखी राहा. व्यापारी दयाळू निघो. मला यापुढे लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. चिगुसा आता अक्षरं वाचते.

आणि तिला हे नक्की सांग की तिने केलं ते बरोबर केलं, भावाला मागे घेतलं तेही. तो चेहरा पुन्हा येणार नाही. पण कधी फाटकाशी दिसलाच, आणि तिचं नाव घेऊन बोलावू लागला, तरी थांबायचं नाही. हात आखडू नकोस, म्हणावं. तोंडावरच मार.

कायो